करेरा एसला कारखान्याचं पॉवर किट नंतर बसवायचं असेल तर: खर्च, खटाटोप आणि क्रम

पोर्शे ९११ च्या ९९७ पिढीतली करेरा एस हातात आली की कधी ना कधी जुन्या ऑप्शनच्या यादीत 'एक्स ५१' हा कोड नजरेस पडतो आणि डोक्यात किडा शिरतो. कंपनीचं स्वतःचं पॉवर किट. ३५५ च्या जागी ३८१ अश्वशक्ती, आणि वरचा वेग २९३ वरून ताशी ३०० किमी. पहिल्या मालकाने गाडी मागवताना त्यावर खूण केली नव्हती. मग आता आपण बसवून घेऊ शकतो का? आणि किती पडेल?

बसवता येतं. पण माझं मत आधीच सांगून टाकतो: इंजिन दुसऱ्या कुठल्या कारणाने उघडणारच असेल, तरच या किटचा विचार करावा. धडधाकट इंजिन केवळ २६ अश्वशक्तीसाठी खाली उतरवणं मला पटत नाही. त्यापेक्षा कारखान्यातूनच एक्स ५१ घेऊन निघालेली गाडी शोधावी. या मतामागची कारणं पुढे येतीलच, आणि तरीही करायचंच ठरलं तर कशामागून काय करायचं तेही.

इथे मी ९९७ च्या पहिल्या टप्प्याबद्दल बोलतोय. ३८२४ सीसीचं, ११.८ कॉम्प्रेशनचं एम९७ इंजिन असलेल्या, साधारण २००५ ते २००८ च्या मॉडेल-वर्षांच्या गाड्या. २००९ च्या मॉडेलपासून करेरा एसमध्ये थेट इंधन फवारणीचं नवं ३८५ अश्वशक्तीचं इंजिन आलं. त्याचं पॉवर किट ४०८ अश्वशक्तीचं, आणि २०१० मध्ये आलेल्या करेरा जीटीएसला ते मुळातच मिळत होतं. कोड तोच, एक्स ५१. पण या दोन इंजिनांचं आपसात काहीही जुळत नाही. वापरलेले भाग विकणारे बरेचदा नुसतं 'एक्स ५१ मॅनिफोल्ड, ९९७' एवढंच लिहितात. पैसे देण्याआधी पार्ट नंबर मागून घ्या.

किटमध्ये काय काय येतं

वेगळ्या घडणीचं ॲल्युमिनियमचं इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच), पोर्ट म्हणजे हवेच्या वाटा मोकळ्या केलेली दोन्ही बाजूंची सिलिंडर हेड (सिलिंडरवरची, व्हॉल्व्ह असलेली झाकणं), सुटसुटीत वाहणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, तेलाच्या व्यवस्थेतले बदल आणि या सगळ्याला जुळणारं ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, प्रोग्रॅमिंग.

यातली खरी मेख हेडमध्ये आहे. साध्या हेडच्या इनटेक पोर्टमध्ये बोट घालून फिरवलं तर ओतकामाचा खरखरीतपणा हाताला लागतो, आणि व्हॉल्व्ह सीटच्या थोडं अलीकडे, जिथे ओतलेला भाग संपून मशिनिंग सुरू होतं, तिथे एक बारीक कड जाणवते. सहा हजार आरपीएमपर्यंत त्या कडेने काही बिघडत नाही. त्यापुढे हवा इतक्या जोरात आत ओढली जाते की पोर्टचा आकार आणि रुंदीच इंजिनाची मर्यादा ठरवते. किटच्या हेडमध्ये ही वाट रुंद केलेली असते. म्हणजे किटचा सर्वांत महत्त्वाचा भाग इंजिनाच्या अगदी पोटात आहे, आणि खर्चाचं मूळही तिथेच.

आता आकड्यांकडे बघा. साध्या करेरा एसची ३५५ अश्वशक्ती ६६०० आरपीएमला मिळते. त्या क्षणी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किती असतो, हे अश्वशक्तीवरून काढता येतं. अश्वशक्तीला ७०२३.५ ने गुणायचं आणि आरपीएमने भागायचं. उत्तर येतं सुमारे ३७८ न्यूटन मीटर. एक्स ५१ ची ३८१ अश्वशक्ती ७२०० आरपीएमला मिळते. तोच हिशेब केला तर टॉर्क येतो सुमारे ३७२. जवळजवळ तेवढाच! किटने केलंय ते इतकंच, की साधं इंजिन ६६०० ला जसा श्वास घेतं तसा ते आता ७२०० ला घेतं. कमाल टॉर्क ४०० वरून ४१५ न्यूटन मीटर झालाय, म्हणजे जेमतेम पावणेचार टक्के वाढ. सिग्नलवरून निघताना, गावातून जाताना, तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना फरक शोधूनही सापडणार नाही. पाच हजारांच्या वर मात्र इंजिन दमत नाही, काटा चढत राहतो, आणि ज्यांना ते हवंय त्यांना दुसरं काही गोड लागत नाही, हेही खरं. शून्य ते शंभर ४.८ ऐवजी ४.६ सेकंद.

टर्बो गाड्यांचा हिशेब ऐकून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो. ९९१ च्या दुसऱ्या टप्प्यात करेरा ३७० आणि करेरा एस ४२० अश्वशक्तीची आहे. दोन्हींत तेच ३ लिटरचं टर्बो इंजिन. फरक टर्बोच्या कॉम्प्रेसरचा, एक्झॉस्टचा आणि प्रोग्रॅमिंगचा. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवून बरंच मिळवता येतं, इंजिन न उघडता. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आपल्या पायानेच आत यावी लागते. नुसत्या सॉफ्टवेअरने ९९७ करेरा एसची फार अश्वशक्ती वाढवून देतो म्हणणाऱ्याला आधी डायनोचा (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवायला सांगा.

आधी आपली गाडी तपासा

पहिलं काम फुकटात होतं. ऑप्शन कोडचं स्टिकर पुढच्या बॉनेटखाली असतं, आणि त्याचीच प्रत सर्व्हिस बुकात चिकटवलेली असते. त्यावर एक्स ५१ आहे का बघा. स्टिकर गायब असेल तर डीलर चासी नंबरवरून मूळ यादी काढून देऊ शकतो. 'एक्स ५१ वाली' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर हे करायलाच हवं.

दुसरं काम फुकट नाही, पण अख्ख्या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. एम९७ च्या ३.८ लिटर इंजिनाला सिलिंडरच्या भिंती ओरबाडल्या जाण्याचा रोग आहे. सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह नाहीत. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेला लोकासिल नावाचा पृष्ठभाग आहे. तो एकदा सुटायला लागला की पिस्टन आणि भिंत एकमेकांना खातात. बहुतेक वेळा हे दुसऱ्या बँकेत (इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला), म्हणजे ४, ५ आणि ६ नंबरच्या सिलिंडरमध्ये सुरू होतं. तेल जास्त लागणं, गरम इंजिनात टकटक, एका बाजूची टेलपाइप दुसरीपेक्षा काळीकुट्ट, ही त्याची लक्षणं. पण सुरुवातीला यातलं एकही दिसत नाही.

म्हणून बोरस्कोप. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून समाधान मानू नका. तिथून सिलिंडरचा वरचा भाग नीट दिसतो, आणि ओरखडे पुष्कळदा खालच्या टोकाला सुरू होतात. ऑइल पॅन काढायला लावा, पिस्टन वर नेऊन खालून कॅमेरा घालायला लावा. निरोगी भिंत एकसारखी राखाडी दिसते. रोगट भिंतीवर पिस्टनच्या चालीच्या दिशेने उभ्या काळपट रेघा असतात, कधी एकच, कधी बोटभर रुंदीचा पट्टा. मेकॅनिकने 'सगळं ठीक आहे' म्हटलं तरी सहाही सिलिंडरचे फोटो मागून घ्या.

याबरोबर ईसीयूमधला ओव्हर-रेव्हचा (इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याचा) अहवाल काढा, लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची) करा, आणि उघडलेल्या ऑइल फिल्टरच्या घड्यांत धातूचा चुरा आहे का ते बघा. काहीही संशयास्पद निघालं तर किटचा विषय तिथेच थांबवा. आजारी सिलिंडरवर महागडी हेड चढवणं म्हणजे दोन्ही पैसे पाण्यात.

सुट्या भागांची किंमत काढण्याआधी आणखी एक गोष्ट करून ठेवा: आजची अश्वशक्ती डायनोवर मोजा. नंतरची मोजणीही त्याच डायनोवर करायची. चाकाशी मिळणारा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा बराच कमी येणार, त्याने दचकू नका. आपल्याला फरक मोजायचाय.

भाग गोळा करणं

सरळ मार्ग म्हणजे डीलर. त्यांच्याकडे आधी इतकंच विचारा: किटमधला प्रत्येक भाग आज मागवता येतो का? या गाड्या आता जुन्या झाल्यात. काही नंबर बदललेत, काही भागांना थांबावं लागतं. एखादा महत्त्वाचा भाग मिळतच नसेल तर बाकीचे मागवू नका. हेड न बदलता फक्त मॅनिफोल्ड बसवणाऱ्यांना इंजिनखाना छान दिसण्यापलीकडे फारसं काही मिळत नाही, कारण मॅनिफोल्ड, पोर्ट आणि प्रोग्रॅमिंग एकमेकांसाठी जुळवलेलं आहे.

दुसरा मार्ग म्हणजे अपघात झालेल्या एक्स ५१ गाडीतून निघालेले भाग. इथे पैसे वाचतात आणि डोकेदुखी वाढते. वापरलेली हेड आधी मशीन शॉपमध्ये द्या. पृष्ठभाग सपाट आहे का, तडा आहे का, व्हॉल्व्ह गाइड किती झिजलेत, हे तपासल्याशिवाय बसवायची नाहीत. आणि मोठे भाग मिळाले म्हणून खूश होऊ नका. काम अडतं ते ब्रॅकेट, होज, सेन्सरची बैठक, असल्या किरकोळ वस्तूंपायी. गॅस्केट आणि हेड बोल्ट नवेच घ्यायचे. बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात.

किटमधला एक भाग मात्र सुटा घेण्याजोगा आहे, आणि मी त्याची मनापासून शिफारस करतो: आत पडदे असलेला ऑइल पॅन. लांब वळणावर जोरात गाडी फिरली की तेल एका बाजूला जातं आणि पंपाला हवा लागण्याची भीती असते. ट्रॅकवर जाणारे बरेच मालक अश्वशक्तीचा नाद सोडून एवढाच भाग बसवतात. त्याला इंजिन उतरवावं लागत नाही.

खर्चाचा हिशेब कसा मांडायचा

नव्या गाडीवर हे किट अमेरिकेत पाच आकडी डॉलरचा ऑप्शन होतं, आणि तेव्हा ते इंजिन जुळवतानाच बसत होतं. नंतर बसवताना तेच भाग, अधिक जुनं सगळं उघडण्याची मजुरी. काढलेली साधी हेड विकली तरी त्यांचं फारसं काही येत नाही.

मजुरीचं उदाहरण घेऊ. इंजिन उतरवणं, दोन्ही हेड बदलणं, टायमिंग लावणं, परत चढवणं, चाचणी, या सगळ्याचे ४५ तास धरले आणि अमेरिकेतल्या डीलरचा तासाचा दर २२० डॉलर धरला, तर ९,९०० डॉलर नुसत्या हातांचे. भागांचे तेवढेच धरले तरी बेरीज वीस हजारांच्या घरात जाते. २६ ने भागा, म्हणजे एका अश्वशक्तीला ७५० डॉलरच्या वर. माझे तास आणि दर बदलून स्वतःच्या शहराचे घाला, पण भागाकाराचं उत्तर पोटात गोळा आणणारंच येईल.

कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या. एक, तासांचा आकडा पक्का आहे की अंदाज. दोन, उघडल्यावर काही बिघाड सापडला तर तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीन, प्रोग्रॅमिंग कोण करणार आणि ते दरात धरलंय का. तिसरा मुद्दा हमखास राहून जातो.

इंजिन खाली आल्यावर जी कामं जवळजवळ फुकटात उरकतात ती आधीच यादीत टाका: क्लच, क्रँकच्या मागचं ऑइल सील, तेल-हवा वेगळी करणारा सेपरेटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, इंजिन माउंट, स्पार्क प्लग, कॉइल. आयएमएस बेअरिंग (क्रँक आणि कॅमशाफ्ट यांच्यामधल्या शाफ्टचं) मात्र या यादीत बसत नाही. या टप्प्यातल्या बहुतेक इंजिनांत ते आधीच्यांपेक्षा मोठं आणि दणकट आहे, पण केसिंग फोडल्याशिवाय बाहेर निघत नाही.

वर्कशॉपमधला क्रम

हे घरच्या गॅरेजचं काम नाही. दोन खांबांची लिफ्ट, इंजिन झेलणारं टेबल, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) जखडण्याची खास हत्यारं आणि पोर्शेचं डायग्नोस्टिक यंत्र, यातलं एक जरी नसेल तरी सुरुवात करू नये.

मागचा बंपर आणि सायलेन्सर काढतात, हवेचा डबा आणि थ्रॉटल बॉडी काढतात, कूलंट रिकामं करतात. एसीचा कॉम्प्रेसर गॅस न सोडता बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो. गॅस सोडायची भाषा करणाऱ्या मेकॅनिकला कारण विचारा. मग इंधनाच्या नळ्या, वायरिंगचे प्लग, गिअरच्या केबल, ड्राइव्हशाफ्ट. टेबल खालून टेकवायचं, माउंट सोडायचे, आणि गाडी वर उचलायची. इंजिन आणि गिअरबॉक्स टेबलावरच राहतात.

जिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट गंजून हेडमध्येच तुटतात. एरवी या प्रकाराने दिवस वाया जातो. इथे हेडच बदलायची असल्याने ते तुटके बोल्ट जुन्या हेडबरोबर निघून जातात. नव्या हेडवर मात्र बोल्टही नवेच लावा.

मेकॅनिकचा खरा कस कॅम टायमिंगमध्ये लागतो. साखळ्या, त्या ताणून धरणारे टेन्शनर आणि व्हॅरिओकॅमची (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी) यंत्रणा परत जुळवताना थोडीही चूक झाली तर इंजिन सुरू होईल, चालेल, पण २६ अश्वशक्ती दिसणार नाहीत. म्हणून काम संपल्यावर डायग्नोस्टिक यंत्रावर दोन्ही बँकांचं कॅमशाफ्ट डेव्हिएशन (कॅमशाफ्ट ठरल्या जागेपासून किती सरकलाय ते) वाचायला लावा आणि त्या आकड्यांची छापील प्रत घ्या.

प्रोग्रॅमिंग याच किटचं हवं. जुन्या प्रोग्रॅमवर नवी हेड चालवून बघू, असं होऊ देऊ नका. हवा किती येतेय आणि ठिणगी कधी द्यायची याचा मेळ बसत नाही. दुसऱ्या ट्यूनरचं प्रोग्रॅमिंग चांगलं असू शकतं, पण मग त्या गाडीला कारखान्याचं किट म्हणता येणार नाही आणि विकताना प्रश्न येतील.

कागदपत्रं

जर्मनीत रहदारी परवान्याच्या नियमांतलं १९ वं कलम इथे लागू होतं. वाहनात असा बदल केला की मूळ मंजुरी रद्द होऊ शकते, म्हणून तपासणी संस्थेकडून पाहणी करून नोंद घ्यावी लागते. नोंदणीपत्रात पी.२ या रकान्यात शक्ती लिहिलेली असते: २६१ किलोवॉटच्या जागी २८० यायला हवं. नोंद झाली की विमा कंपनीला कळवा. कॅलिफोर्नियात धुराच्या चाचणीबरोबर इंजिनखान्याची प्रत्यक्ष पाहणीही होते आणि तिथे इनटेक, एक्झॉस्ट हे सगळे नियंत्रित भाग आहेत. पोर्शेचा भाग आहे एवढ्यावर भागत नाही. गाडी ज्या रूपात मंजूर झाली त्याच्याशी ती जुळायला हवी. त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी चौकशी करावी.

स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि स्टुटगार्टच्या वाहन उद्योगात काम करणारे मराठी लोकही आहेत. तिकडून भाग आणून इकडच्या गाडीला लावायचा विचार कुणी करत असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचा. मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलाला बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. १८२ए कलमाच्या चौथ्या पोटकलमात परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. सीसी बदलत नाही म्हणून आरटीओला सांगायची गरज नाही, असं परस्पर ठरवू नका, लेखी विचारा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा उकरून काढला जाईल. पेट्रोलचंही बघा. हे इंजिन ९८ ऑक्टेनवर जुळवलेलं आहे. साध्या पेट्रोलवर नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका ओळखणारा) ठिणगी उशिरा द्यायला लावतो आणि विकत घेतलेली शक्ती परत जाते. मुंबई-पुण्यात डिसेंबर २०२० पासून १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. ते जिथे मिळत नाही तिथल्या गाडीवर हा खर्च करू नये.

इंजिन उघडावंच लागलं तर

बोरस्कोपमध्ये रेघा दिसल्या आणि इंजिन पूर्ण बांधायचीच वेळ आली, तर सगळं गणित बदलतं. उतरवण्याची आणि उघडण्याची मजुरी तशीही द्यायचीच आहे. किटच्या खात्यात फक्त भागांचा फरक उरतो. पण तेव्हा दुसरा पर्यायही समोर येतो. अमेरिकेत मोमेन्स गावातली एलएन इंजिनीअरिंग, इंग्लंडमध्ये बोल्टनची हारटेक, असे कारागीर याच इंजिनांना निकेल-सिलिकॉनचा लेप दिलेले सिलिंडर बसवतात आणि हवं तर क्षमताही (सीसी) वाढवून देतात. वाढलेल्या क्षमतेचा टॉर्क खालपासून मिळतो, रोजच्या रस्त्यावर जाणवतो, आणि मूळ रोगही जातो. मला निवड करायची झाली तर मी आधी सिलिंडरवर खर्च करीन, आणि पैसे उरले तरच हेडकडे बघीन. मूळ रूपाला मान देणारा संग्राहक उलट निवड करील, तीही बरोबरच.

चालू केल्यावर

पहिल्या फेरीनंतर गाडी थंड होऊ द्या आणि खालून कूलंट, तेल कुठे झिरपतंय का ते बघा. कूलंटमध्ये हवा अडकली असेल तर तापमानाचा काटा सांगेल. या गाडीचे रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने हवा नीट काढणं वेळखाऊ आहे, आणि घाईत हेच काम अर्धवट राहतं. पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नको. पिस्टन रिंग किंवा सिलिंडरही नवे असतील तर त्याहून बरंच जास्त. मग तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून बघा, आणि त्यानंतर डायनोवर जा.

पार्ट नंबरसह बिलं, बोरस्कोपचे फोटो, डेव्हिएशनची प्रत, डायनोचे दोन्ही कागद आणि नोंदणीतला बदल, हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. स्टिकरवर एक्स ५१ नसलेल्या गाडीचा पुढचा ग्राहक तीच फाइल मागणार आहे, आणि ती नसेल तर तो तुम्हाला साध्या करेरा एसची किंमत देईल.